काचघरांतील आमरी

एखाद्या जिवावर अपार प्रेम असावें, त्याच्यासाठीं द्रव्य पाण्यासारखें खर्चावें, आणि तरीही आपल्याच हातून त्याचा नाश व्हावा, असे प्रसंग मनुष्याच्या घरांत घडतात तसे त्याच्या बागेंतही घडतात. ऑर्किड नांवाच्या फुलझाडांची युरोपांत, विशेषेंकरून इंग्लंडांत, जी लागवड झाली तिचा इतिहास ह्याच प्रकारचा आहे. ऑर्किडांस आपल्याकडे आमरी म्हणतात. उष्ण देशांतील असंख्य आमरी जहाजांत भरून तिकडे गेल्या, त्यांच्यासाठीं काचेचे महाल उभे राहिले, त्या महालांत रात्रंदिवस विस्तव पेटत राहिला. आणि इतकें होऊन त्यांतील बहुतेक एक-दोन वर्षांच्या आंत मरून गेल्या. त्या कशानें मेल्या आणि पुढें कशानें जगूं लागल्या, ही हकीकत वनस्पतिशास्त्राशीं फारसा संबंध नसलेल्या वाचकांसही बोधप्रद होईल असें वाटल्यावरून ती येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आमरींचे स्थूलमानानें दोन वर्ग पडतात. कांहीं जमिनींत कंद धरून वाढतात; उष्ण प्रदेशांतील पुष्कळशा मात्र झाडांच्या खोडांवर व फांद्यांवर मुळें रोवून राहतात. झाडावर राहतात म्हणून त्यांस बांडगूळ समजण्याची चूक फार दिवस चालत आली. पण ती चूकच होय. बांडगूळ झाडाच्या सालींत शिरून त्याचा रस शोषितें. आमरी झाडापासून आसऱ्यापलीकडे कांहीं घेत नाहीं. तिचीं कित्येक मुळें उघड्या हवेंत लोंबत असतात. त्यांच्यावर पांढुरकें, स्पंजासारखें आवरण असतें. पाऊस पडला कीं तें पाणी पिऊन घेतें आणि वारा सुटला कीं लौकरच कोरडें होतें. भिजणें आणि वाळणें ह्या दोन क्रिया आळीपाळीनें चालण्यावर ह्या झाडांचें जीवित अवलंबून आहे. वाचकांनीं एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेविली म्हणजे पुढील सर्व हकीकत आपोआप उलगडेल.

ही गोष्ट हिंदुस्थानांतील लोकांस अगदींच अपरिचित होती असें नाहीं. मलबारांतील डच सत्तेचा अधिकारी हेंड्रिक व्हान रीड ह्यानें त्या प्रांतांतील वनस्पतींचें वर्णन करणारा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला, तो इ. स. १६७८ ते १६९३ पर्यंत अ‍ॅम्स्टरडॅम येथें छापून निघाला. ह्या कामीं इट्टी अच्युतन् ह्या मलबारी वैद्याप्रमाणें रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट ह्या तीन कोंकणी वैद्यांनींही साह्य केलें होतें, आणि त्यांचें नागरी लिपींतील प्रमाणपत्र पहिल्या खंडांत छापलेलें आहे. ग्रंथाच्या शेवटच्या खंडांत झाडावरील आमरींचीं चित्रें असून त्यांस तेथील नांवें दिलीं आहेत. एक 'आंजिली मरवर', दुसरी 'कांजिरम् मरवर'. मरम् म्हणजे झाड. आंजिली हें रानफणसाच्या जातीचें झाड, आणि कांजिरम् म्हणजे आपला काजरा. पहिली आमरी म्हणजे सह्याद्रींत जिला आपण सीतेची वेणी म्हणतों तीच होय. ही वनस्पति कोणत्या झाडावर राहते हा तिचा ठावठिकाणा ह्या लोकांनीं तिच्या नांवांतच गोंवून ठेविला होता. पुढें इ. स. १७५३ मध्यें लिनियसनें ह्या सर्वांस 'एपिडेंड्रम', म्हणजे 'झाडावरची', ह्या एकाच नांवाखालीं घातलें. शास्त्राच्या सोयीसाठीं तें योग्यही असेल; परंतु घराचा पत्ता गेला आणि नुसतें गांवाचें नांव उरलें.

इंग्लंडांत उष्ण देशांतील आमरी पहिल्यानें फुलली ती इ. स. १७३० नंतर लौकरच. बहामा बेटांतून आलेली ती एक जमिनींतली जात होती. झाडावरील एक अमेरिकन जात क्यू येथील राजोद्यानांत इ. स. १७८७ मध्यें फुलली. परंतु हीं फुलें म्हणजे अपवाद समजावयाचे. त्या काळचा माळी झाडावरील आमरी कुंडींतील मातींत लावी, आणि ती कुंडी कातडीं कमावून उरलेल्या सालीच्या चुऱ्यांत पुरून ठेवी. तो चुरा कुजतांना ऊब देतो. ज्या मुळांस वारा पाहिजे तीं अशा रीतीनें ओल्या मातींत गाडलीं गेलीं, आणि मातींतच कुजलीं.

पुढें ह्या फुलांचा षोक वाढला त्याचें एक कारण ब्राझीलमधून आलेली एक आमरी झाली. विल्यम स्वेन्सन ह्यानें इ. स. १८१८ मध्यें तिकडून कांहीं झाडें पाठविलीं. त्यांतील एक विल्यम कॅटली नांवाच्या हौशी गृहस्थाच्या काचघरांत फुललें. जांभळट गुलाबी रंगाचें, तळहाताएवढें, झालरदार ओठाचें तें फूल पाहून जॉन लिंडली ह्या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञानें त्यास यजमानाच्या नांवावरून 'कॅटलिया' असें नांव दिलें. तेव्हांपासून श्रीमंतांमध्यें आमरी बाळगण्याची स्पर्धा लागली. लंडनजवळ हॅकने येथें लॉडिजेस ह्या रोपवाल्यांनीं तर केवळ आमरींकरितां काचघरें राखलीं होतीं.

येथून खऱ्या अनर्थास सुरुवात झाली असें आम्हांस वाटतें. कारण आतां चुकीस शास्त्राचा आधार मिळाला. लिंडली हा पुढें आमरींच्या शास्त्राचा जनक म्हणून गाजला, आणि ती कीर्ति त्यास साजेशीच होती. परंतु इ. स. १८३० मध्यें लंडनच्या उद्यानविद्या मंडळापुढें ह्या झाडांच्या लागवडीविषयीं त्यानें जो निबंध वाचला त्यांत कडक उष्णता, दाट सावली आणि अतिशय दमट हवा ह्या तीन गोष्टींची शिफारस केली. उष्ण कटिबंधांतील अरण्य म्हणजे अंधारी, वाफाळलेली, कोंदट जागा, अशी तेव्हां युरोपीयांची कल्पना असे. आणि शास्त्रज्ञही आपल्या काळाच्या कल्पनांपासून सर्वस्वी मुक्त नसतो. झालें! लिंडलीचा शब्द माळ्यांस प्रमाण. काचघरांचीं दारें-खिडक्या बंद झाल्या, फटी बुजविल्या गेल्या, भट्ट्या पेटल्या, जमिनीवर पाणी ओतून वाफ उठविली गेली. आंत शिरणाऱ्या मनुष्याचाही जीव घुसमटावा अशा त्या कोठडींत हिमालयाच्या उतारावरील, मेक्सिकोच्या पठारावरील आणि जावा बेटांतील आमरी एकाच पंक्तीस बसविल्या गेल्या. उष्ण देश म्हणजे सर्वत्र एकसारखा उष्ण, त्यांत डोंगर नाहींत, ऋतु नाहींत, वारा नाहीं, अशी ही समजूत! दिल्लीच्या थंडींत आणि मालवणच्या उकाड्यांत ज्यांनीं दिवस काढले आहेत त्यांस ह्या समजुतीचें हंसूं येईल. पण त्या समजुतीपायीं किती झाडें मेलीं ह्याची गणती नाहीं.

ह्या चुकीची उघडकी ग्रंथांनीं केली नाहीं. ती एका माळ्यानें केली. यॉर्कशायरमध्यें वेंटवर्थ येथें अर्ल फिट्झविल्यम ह्यांच्या बागेंत जोसेफ कूपर नांवाचा माळी होता. तो आमरींस इतरांपेक्षां कमी ऊब देई आणि काचघरांत बाहेरची हवा खेळूं देई. इ. स. १८३५ च्या सुमारास लिंडलीनें तीं झाडें पाहिलीं आणि त्यांची टवटवी पाहून तो चकित झाला. आपल्या मताविरुद्ध उभा असलेला पुरावा डोळ्यांनीं पाहून त्याचें मोल ओळखणें हें विद्वानांस नेहमींच साधतें असें नाहीं. लिंडलीस तें साधलें, ही गोष्ट त्याच्या थोरवीस भूषणच आहे.

ह्याच सुमारास डेव्हनशायरचा सहावा ड्यूक ह्याच्या चॅट्सवर्थ येथील बागेचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन ह्यानें ह्या कामास व्यवस्थित रूप दिलें. पॅक्स्टन म्हणजे इ. स. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनासाठीं स्फटिकमहाल उभारणारा तोच. ड्यूकास आमरींचें वेड लागल्यावर त्यांच्या शोधार्थ जॉन गिब्सन नांवाचा तरुण माळी इ. स. १८३५ मध्यें हिंदुस्थानांत पाठविला गेला. तो कलकत्त्याहून खासी टेकड्यांत चेरापुंजीस गेला आणि तेथून आमरींचा मोठा संग्रह घेऊन इ. स. १८३७ मध्यें परत आला. आज 'डेंड्रोबियम गिब्सोनाय' व 'डेंड्रोबियम डेव्होनियानम' ह्या नांवांत तो माळी आणि त्याचा धनी दोघेही शिल्लक आहेत. परंतु गिब्सननें झाडांबरोबर दुसरीही एक वस्तु नेली, आणि ती म्हणजे तीं झाडें कोठें व कशीं राहतात हें प्रत्यक्ष पाहिलेल्या डोळ्यांची साक्ष. चॅट्सवर्थच्या आमरी वेगवेगळ्या ऊबेच्या वेगवेगळ्या घरांत विभागल्या गेल्या; त्यांस वारा मिळूं लागला; आणि सकाळीं जमिनीवर पाणी शिंपडून हवेंत गारवा आणण्याची रीत पडली. ज्याचें घर जसें त्यास तसें घर द्यावें, हा साधा नियम एकदांचा मान्य झाला.

तरीही जुनी समजूत एकदम गेली नाहीं. जोसेफ डाल्टन हूकर हा इ. स. १८५० मध्यें खासी टेकड्यांत हिंडत असतां त्यास निळी वांडा विपुल फुललेली दिसली. वांडा हें शास्त्रीय नांव मूळ आपलेंच. झाडावरील वनस्पतींस संस्कृतांत 'वन्दा' म्हणतात, त्यावरून सर विल्यम जोन्स ह्यानें तें उचललें. हूकरनें पाहिलेल्या वांडा दाट, अंधाऱ्या अरण्यांत नव्हत्या; ओकच्या विरळ झाडीवर ऊन, पाऊस व वारा अंगावर घेत त्या उभ्या होत्या. इंग्लंडांतील काचघरांत आपण ह्यांस अगदीं उलट रीतीनें वागवितों, हें हूकरच्या ताबडतोब ध्यानांत आलें आणि आपल्या प्रवासवर्णनांत त्यानें तें नमूद करून ठेविलें. मात्र त्याच ठिकाणीं आणखी एक मजकूर आहे, तो वाचून मन खिन्न होतें. हूकरच्या मंडळीनें क्यूसाठीं सात माणसांचें ओझें होईल इतक्या निळ्या वांडा उपटून घेतल्या. त्यांतील फारच थोड्या जिवंत पोंचल्या. दुसऱ्या एका गृहस्थानें एक माणसाचें ओझें पाठविलें, तें वाईट स्थितींत पोंचूनही तीनशें पौंडांस विकलें गेलें. जो मनुष्य ह्या झाडांची खरी गरज इतक्या स्पष्टपणें पाहूं शकला, त्यालाही त्यांची सर्वांत मोठी गरज, म्हणजे तीं जेथें आहेत तेथेंच राहूं द्यावीं ही, त्या वेळीं दिसली नाहीं.

इ. स. १८४५ मध्यें इंग्लंडांत काचेवरील जकात उठली आणि काचघर मध्यम वर्गाच्याही आटोक्यांत आलें. १८६० नंतर थंड काचघरांचा काळ सुरू झाला. अँडीज पर्वताच्या उंच, धुकट अरण्यांतील ओडोंटोग्लॉसम आमरी उष्ण घरांत हटकून मरत; जेम्स बेटमन ह्यासारख्या जाणत्यांनीं त्यांस थंड घरांत ठेवण्याचा पुरस्कार केला आणि त्या फुलूं लागल्या. आतां कोणासही वाटेल कीं, झाडें जगविण्याची विद्या साधली म्हणजे झाडांचे हाल संपले. पण झालें नेमकें उलट. झाडें जगतात असें दिसल्यावर गिऱ्हाईक वाढलें. गिऱ्हाईक वाढल्यावर संग्राहकांच्या टोळ्या अरण्यांत शिरल्या. आल्बर्ट मिलिकन हा असाच एक संग्राहक. त्यानें इ. स. १८९१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत कोलंबियांतील आपल्या एका मोहिमेचा हिशेब दिला आहे. दोन महिन्यांत सुमारें दहा हजार आमरी मिळाल्या, आणि त्या काढण्यासाठीं सुमारें चार हजार झाडें तोडावीं लागलीं. कोणी शत्रूनें नव्हे, ह्या धंद्यांतील मनुष्यानेंच हा हिशेब लिहून ठेविला आहे. काचघरांतील अज्ञानानें एक-एक झाड मरत होतें. आतां काचघरांतील ज्ञानासाठीं अरण्यच्या अरण्य पडूं लागलें. ज्ञान आणि विवेक हीं दोन्हीं बरोबर येतातच असें नाहीं, ह्याचें ह्याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

येथें वाचक विचारील कीं, आमरीचें बीं पेरून घरींच रोपें कां करूं नयेत? अडचण तीच होती. आमरीच्या एका बोंडांत हजारों, कित्येक जातींत लाखों बिया असतात. पण त्या धुळीच्या कणांइतक्या बारीक, आणि अंकुरास पोसणारा अन्नसांठा त्यांत जवळजवळ नसतोच. इंग्लंडांत व्हीच ह्यांच्या रोपवाटिकेंतील जॉन डॉमिनी ह्यानें केलेली पहिली संकरित आमरी इ. स. १८५६ मध्यें फुलली. तथापि पेरलेल्या बियांपैकीं एखाददुसरीच रुजे, आणि तीही कां रुजली हें सांगतां येत नसे. हें कोडें नोएल बर्नार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें सोडविलें. इ. स. १८९९ मध्यें रानांत एका आमरीच्या रुजलेल्या बिया त्याच्या दृष्टीस पडल्या. त्यांच्या आंत एक बुरशी शिरलेली होती. निसर्गांत आमरीचें बीं ही बुरशी भेटल्यावांचून वाढत नाहीं. तिच्याकडूनच त्यास प्रथमचें अन्न मिळतें. बर्नार छत्तीस वर्षांचा होऊन इ. स. १९११ मध्यें वारला. त्याच्यानंतर अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांतील लुइस नड्सन ह्यानें इ. स. १९२२ मध्यें असें दाखवून दिलें कीं, निर्जंतुक केलेल्या काचेच्या नळींत साखर व क्षार घातलेल्या अगरवर बीं पेरिलें तर बुरशीवांचूनही तें रुजतें. पुढें इ. स. १९६० मध्यें फ्रान्समध्यें जॉर्ज मोरेल ह्यानें कोंबाच्या टोंकाच्या सूक्ष्म भागापासून रोपें करण्याची रीत प्रसिद्ध केली. आज फुलवाल्याच्या दुकानांत आमरीची जी कांडी कोणासही विकत घेतां येते ती ह्या शोधांची देणगी होय. ज्या काचेच्या महालानें अरण्यें ओस पाडलीं तो लहान होत होत बाटलीएवढा झाला, तेव्हां कोठें अरण्यांस थोडी उसंत मिळाली.

आतां उघड्या बागेंतील लागवडीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कारण आमरीची बाग म्हणजे काचघरच असें मानणें हाही युरोपीय इतिहासाचाच परिणाम आहे. चीन देशांत सुगंधी आमरींच्या संगोपनावर चाओ शिकेंग ह्याचा ग्रंथ इ. स. १२३३ मध्येंच झाला. म्हणजे इंग्लंडांत पहिली परदेशी आमरी फुलण्यापूर्वीं पांचशें वर्षें. ज्या हवेंत ती वनस्पति सहज राहते त्याच हवेंत तिला पाळल्यामुळें तेथें काचेच्या महालांची गरज पडली नाहीं. अर्वाचीन काळचें उदाहरण सिंगापूरचें आहे. तेथें अ‍ॅग्नेस जोकिम नांवाच्या आर्मेनियन बाईच्या बागेंतील एक संकरित आमरी वनस्पतिउद्यानाचा प्रमुख हेन्री रिडली ह्यानें इ. स. १८९३ मध्यें जगापुढें आणिली. भर उन्हांत, उघड्या वाफ्यांत, खुंटाच्या आधारानें ती वाढते आणि फुलत राहते. तिलाच इ. स. १९८१ मध्यें सिंगापूरचें राष्ट्रीय फूल ठरविण्यांत आलें. नड्सनच्या रीतीनें तेथील उद्यानांत एरिक होल्टम ह्यानें इ. स. १९२८ पासून बीं रुजवून नवे संकर केले व त्यांतून तेथें मोठा धंदा उभा राहिला. रोपाचें बाळपण बाटलींत आणि उरलेलें आयुष्य उघड्यावर, अशी ही व्यवस्था त्या हवेस मानवली.

आतां आपल्या घराकडे वळूं. सह्याद्रीच्या आमरी कोणत्याही राजवाड्यांत वाढलेल्या नाहींत. चार महिने मुसळधार पाऊस, नंतर आठ महिने कोरडा वारा व ऊन, हा त्यांचा संसार. पठारांवरील भुईआमरी पावसाळ्यांत पांढरीं फुलें फुलवितात आणि पाऊस सरल्यावर पानें टाकून कंदाच्या रूपानें जमिनींत निजतात. एका डेंड्रोबियमास उन्हाळ्याच्या तोंडीं, अंगावर पान नसतांना, पांढरीं फुलें येतात. सीतेची वेणी पहिल्या पावसाच्या आगेंमागें जांभळट ठिपक्यांचे घोंस लोंबविते. फादर सांतापाव व कपाडिया ह्यांनीं इ. स. १९६६ मध्यें मुंबई इलाख्यांतील आमरींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांत ह्या सर्वांची ओळख करून घेतां येते.

ह्या बाबतींत आमचाही एक अपराध कबूल केला पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं घाटांतून परत येतांना वाऱ्यानें मोडून पडलेली एक फांदी आम्हीं घरीं आणिली. तिच्यावर सीतेच्या वेणीचे दोन गड्डे होते. ती फांदी सज्जांत टांगली, आणि प्रेमापोटीं आम्ही तिला सकाळ-संध्याकाळ पाणी घालूं लागलों. थंडींत पानें मलूल दिसूं लागलीं तेव्हां पाणी आणखी वाढविलें. वारा लागूं नये म्हणून तरटाचा पडदाही लाविला. फाल्गुनांत मुळें काळीं पडून गड्डे हातांत आले. झाडास जेव्हां निजावयाचें होतें तेव्हां आम्हीं त्यास जागें ठेविलें, आणि वारा पाहिजे होता तेव्हां पडदा दिला. त्या वेळीं लिंडलीचें नांवही आम्हांस ठाऊक नव्हतें. पण त्याची चूक मात्र आम्हीं जशीच्या तशी केली होती.

इ. स. १९७३ मध्यें झालेल्या आणि १९७५ पासून अमलांत आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणें रानटी आमरींच्या परदेशी व्यापारावर निर्बंध आहेत. परंतु कायद्याची पोंच बंदरापर्यंत. रानाच्या वाटेवर उभ्या असलेल्या हौशी मनुष्याच्या मनापर्यंत तो क्वचितच पोंचतो. म्हणून आमचें सांगणें एवढेंच आहे. ज्यांस आमरी पाळण्याची हौस असेल त्यांनीं बाटलींत जन्मलेलें रोप विकत घ्यावें, त्याचें मूळ घर कोणत्या डोंगरावर, कोणत्या पावसांत व कोणत्या वाऱ्यांत आहे ह्याची प्रथम चौकशी करावी, आणि मग त्यास पाणी घालावें. आणि ज्यांस सीतेची वेणीच पाहिजे असेल त्यांनीं ज्येष्ठांत घाट चढून जावें व ती जिच्या फांदीवर राहते त्या झाडाखालीं उभें राहून ती पाहावी. मलबारांतील त्या जुन्या लोकांनीं आमरीचें नांव सांगतांना तिच्या झाडाचें नांव आधीं घेतलें. त्या रीतींतलें शहाणपण कळण्यास काचघरांतील असंख्य झाडांचा बळी जावा लागला. निदान आपल्यास तरी तें पुन्हां त्याच किंमतीस विकत घ्यावें लागूं नये.